१२७ जणांच्या मागे उभं राहण्यापेक्षा नवीन अलॉटमेंटच काढली तर?

सातारची_सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा बागकामात टाकावा की परदेशस्थांमध्ये ते कळेना, म्हणून इथेच टाकतेय.

आम्ही इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका मध्यम शहरात राहतो. घर टेरेस्ड, म्हणजे भिंतीला भिंत लागून ओळीतलं. मागचं अंगण म्हणजे फरशी, कचऱ्याचे तीन डबे आणि कपड्यांची दोरी. सासूबाई दर वर्षी मेपासून सप्टेंबरपर्यंत येतात. साताऱ्याजवळ त्यांचं परसू आहे, त्यामुळे इथे आल्या की दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचे हात शिवशिवायला लागतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी रीसायकलिंगच्या निळ्या खोक्यात मेथी पेरली. गुरुवारी गाडी आली आणि खोकं मेथीसकट रिकामं करून गेली. त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अलॉटमेंट म्हणजे घरच्यापुरती भाजी पिकवायला वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. बहुतेक वेळा कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, देते. मी २०२२ मध्ये नाव नोंदवलं तेव्हा माझा नंबर १४३ होता. परवा फोन केला तर १२७. तीन वर्षांत सोळा जण पुढे सरकले. नवऱ्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला, अजून चोवीस वर्षं. मुलगा आत्ता तिसरीत आहे.

फोनवरच्या बाईंना म्हटलं, मग नवीन जागा का काढत नाही? त्या म्हणाल्या, पैसे नाहीत आणि जमीनही नाही. इथे तर लेझर सेंटरच्या (क्रीडाकेंद्राच्या) मागे कौन्सिलचाच गवताचा मोठा पट्टा आहे, तिथे कुत्र्यांशिवाय कुणी जात नाही.

ऐकलंय की सहा जणांनी लिहून दिलं तर कौन्सिलला जागा द्यावीच लागते. हे खरं का? आमच्यातले दोघे अजून भारतीय पासपोर्टवर आहेत, त्यांची सही चालते का? आणि समजा जमीन मिळालीच, तर अशी साइट उभी करायला खर्च किती येतो? कुणी केलंय का हे?

---

पेठेतला_पुणेकर

यूकेचं काही माहीत नाही, पण वाचून मजा वाटली. आमच्याकडे ‘जमिनीचा तुकडा’ म्हटलं की डोळ्यांसमोर गुंठामंत्री येतो, गळ्यात साखळी आणि बुडाखाली फॉर्च्युनर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला इथे शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. भाड्याने भाजीपुरती जागा देणारी महापालिका असू शकते हेच नवीन आहे. एका प्लॉटचं माप किती असतं?

---

खुरपं

सूनबाई, केलंय. म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा. मी देवरुखचा, या देशात ३४ वर्षं झाली. बसडेपोत फिटर होतो, आता निवृत्त. चार वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणांनी मिळून दीड एकरावर नवीन साइट काढली. अकरात मराठी मी एकटाच.

आधी तुमच्या सहा सह्या. १९०८ च्या स्मॉलहोल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स ॲक्टचं कलम २३ सांगतं की मागणी आहे असं कौन्सिलला वाटलं तर तिने पुरेशा अलॉटमेंट द्यायच्या. सहा मतदारांनी किंवा सहा कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली तर ती विचारात घ्यावीच लागते. नीट वाचा, ‘विचारात’. किती दिवसांत, कुठे, किती प्लॉट, याबद्दल कायदा गप्प आहे. आमचं पत्र आमच्या कौन्सिलने सात महिने विचारात घेतलं. तरीही पत्र द्याच. फोनची नोंद कुठेच राहत नाही, पत्राची राहते, आणि पुढे अनुदान मागताना तेच पत्र ‘मागणी आहे’ याचा पुरावा म्हणून लावता येतं.

भारतीय पासपोर्टवाल्यांची सही चालते. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून त्यांना इथे संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, फक्त मतदारयादीत नाव हवं. ते नसलं तरी कौन्सिल टॅक्स भरत असले की झालं. सासूबाईंची सही नको, त्या पाहुण्या.

आता एक विचारतो. तुमच्या भागाला टाऊन कौन्सिल किंवा पॅरिश कौन्सिल, म्हणजे मोठ्या कौन्सिलच्या खालची गावपातळीवरची कौन्सिल, आहे का? असेल तर अलॉटमेंटची जबाबदारी तिची, मोठ्या कौन्सिलची नाही. आमचं पहिलं पत्र चुकीच्या दारात पडलं होतं, आणि ते चुकीचं आहे हे सांगायलाही त्यांनी दोन महिने घेतले. (लंडनच्या आतल्या बरोंना, म्हणजे तिथल्या कौन्सिलांना, हे कलम लागूच नाही. तिकडचे वाचक उगाच सह्या गोळा करत फिरू नका.)

पुणेकर, माप विचारलंत ते फार बरं केलंत. इथे अजून रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. जुना पूर्ण प्लॉट दहा चौरस रॉडचा, साधारण २५० चौरस मीटर. आता गंमत बघा. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन रॉड बाय दोन रॉड. चार चौरस रॉड बरोबर एक गुंठा! एकरात १६० रॉड, एकरात ४० गुंठे. आपल्या सातबाऱ्याची मापं साहेबाच्याच साखळीने मोजलेली, त्यामुळे जुळणारच. म्हणजे पूर्ण प्लॉट अडीच गुंठ्यांचा.

आणि माझं पहिलं सांगणं इथेच आहे. अडीच गुंठे कुणालाही देऊ नका. नोकरी करणाऱ्या माणसाला तो झेपत नाही. मे महिन्यात दोन शनिवार पाऊस आणि तिसऱ्या शनिवारी लग्न आलं, की चौथ्या शनिवारी गवत कमरेला लागतं. मी बैठकीत म्हटलं, चार रॉडचेच तुकडे पाडू. त्यावर आमचे अध्यक्ष, एक निवृत्त पोस्टमन, म्हणाले, चारच का, पाच का नाही? अर्धा प्लॉट पाच रॉडचा असतो ही इथली रीत. मी म्हटलं, दोन दोऱ्या ३३ फुटांच्या घेतल्या की चौरस पडतो, मोजायला सोपं. तेवढं पटलं त्यांना. आजतागायत कुणाला माहीत नाही की मी त्यांना देवरुखचा गुंठा दिलाय.

दीड एकर म्हणजे साठ गुंठे. रस्ता, गाड्यांची जागा आणि कडेचा पट्टा यात बारा गेले, अठ्ठेचाळीस प्लॉट पडले. दहा रॉडचे केले असते तर एकोणीस घरांचं काम झालं असतं.

जमीन चर्चची. शहराच्या कडेला त्यांचा एक तुकडा होता, शेतकऱ्याला परवडत नव्हता कारण त्याचा ट्रॅक्टर तिथे वळायचा नाही. हे लक्षात ठेवा, शेतकऱ्याला अडचणीचा वाटणारा तुकडा आपल्याला सोयीचा असतो. भाडं वर्षाला ३०० पौंड. शेतजमिनीचा वापर अलॉटमेंटसाठी करायला सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तीही शेतीच. पण खडीचा रस्ता, गाड्यांची जागा, मोठी शेड आली की विचारावं लागतं. आधीच विचारा.

खर्च सांगतो, माझ्या वहीतून. रस्ता आणि पार्किंग ३,८००. उकरलेल्या डांबराचा चुरा मिळतो, तो पसरून रोलर फिरवला. वकील ९००. कुंपण १,१००, कारण दोन बाजूंना हॉथॉर्नची जुनी दाट कुंपणं होतीच, उरलेल्या दोन बाजूंना सशांची जाळी आम्हीच ठोकली. नांगरट ४२०. गेट आणि कुलूप ३५०. पाण्याच्या टाक्या ४८०. एकूण ७,०५० पौंड. पॅरिश कौन्सिलने दोन हजार दिले, राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून लोकोपयोगी कामांना मिळणाऱ्या छोट्या अनुदानातून २,६५० आले, आणि प्रत्येक प्लॉटकडून ५० पौंड प्रवेशाचे घेतले. झाले. प्लॉटचं भाडं वर्षाला ३६ पौंड, त्यात चर्चचं भाडं, विमा आणि गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल निघतं. विम्याशिवाय एक दिवसही गेट उघडू नका.

आता जिथे मी चुकलो ते. पाणी. वॉटर कंपनीने नवीन जोडणीचे नऊ हजार सांगितले. मी म्हटलं, आपण कोकणातली माणसं, पाऊस साठवू. हजार लिटरच्या बारा टाक्या जुन्या बाजारातून ४० पौंडाला एक अशा आणल्या आणि सामायिक शेडच्या छपराला पन्हळ लावली. छाती पुढे काढून सगळ्यांना दाखवत होतो. मग २०२२ चा जुलै आला. १९ तारखेला लिंकनशरमध्ये ४०.३ अंश, या देशातला विक्रम. आमच्या टाक्या त्याच्या तीन आठवडे आधीच रिकाम्या होत्या. अठ्ठेचाळीस प्लॉट आणि बारा हजार लिटर, म्हणजे प्लॉटमागे अडीचशे लिटर. हा भागाकार मला डिसेंबरात का सुचला नाही, देव जाणे. लोक गाडीच्या डिकीतून दुधाच्या कॅनमध्ये पाणी आणत होते. वर्षभरात सात जण सोडून गेले.

शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने गुरांच्या हौदाच्या लाइनवरून जोड दिला, मधे आमचा वेगळा मीटर. नऊ हजारांचं काम साडेसहाशेत झालं, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून तिथेच होता, फक्त विचारायचं राहिलं. पाणी उलटं लाइनमध्ये जाऊ नये म्हणून झडप बसवावीच लागते, तो नियम आहे. नळ थेट कुणाच्या हातात दिला नाही, हौद भरतात आणि झारीने काढायचं. पाइप लावला की माणूस विसरतो आणि घरी जातो.

लेझर सेंटरच्या मागच्या पट्ट्याबद्दल उद्या लिहितो. हिला दवाखान्यात न्यायचंय.

---

लेस्टरची_वैशाली

काका, गुंठ्याला +१. मला २०१९ मध्ये पाच रॉड मिळाले होते. पहिल्या उन्हाळ्यात फोटो, दुसऱ्या उन्हाळ्यात ‘मशागत न केल्याबद्दल’ चिठ्ठी, तिसऱ्यात मी स्वतःच किल्ली परत केली. बाइंडवीड हे नाव कधी ऐकलं नसेल तर देवाचे आभार माना. पांढरी गोड फुलं येतात, मुळाचा पेराएवढा तुकडा राहिला तरी पुन्हा वेल, आणि मी उत्साहात रोटाव्हेटर फिरवून त्याचे हजार तुकडे केले होते.

साइट काढणाऱ्यांनी एक मात्र करा. शेणखताची ट्रॉली फुकट मिळतेय म्हणून उतरवून घेऊ नका. घोड्यांच्या चाऱ्यावर कधी कधी ॲमिनोपायरालिड नावाचं तणनाशक मारलेलं असतं. ते गवतातून घोड्याच्या पोटात, तिथून लिदीत आणि लिदीतून आपल्या वाफ्यात येतं. माझे टोमॅटो नेच्याच्या पानांसारखे वळले. कुंडीत थोडं खत घालून घेवड्याचे चार दाणे लावून बघा. पानं सरळ आली तर ट्रॉली घ्या.

---

एडिंबरातली_अनघा

फक्त माहितीसाठी: स्कॉटलंडमध्ये कायदा वेगळा आहे. २०१५ च्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट ॲक्टप्रमाणे प्रतीक्षायादीतली माणसं एकूण प्लॉटांच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत आणि कुणी पाच वर्षांपेक्षा जास्त यादीत राहू नये, यासाठी कौन्सिलने योग्य ती पावलं उचलायची आहेत. कागदावर. मी यादीत चौथ्या वर्षात आहे. पाचवं संपल्यावर काय होतं ते इथेच कळवेन.

---

सातारची_सून

खुरपंकाका, काय लिहू! नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. आमच्याकडे टाऊन कौन्सिल आहे, आणि आम्ही दुसऱ्याच दाराला तीन वर्षं फोन करत होतो. काकूंची तब्येत बरी आहे ना?

लेझर सेंटरमागच्या जागेचं सांगा. एक शेजारी म्हणाला की तिथे पूर्वी विटांची भट्टी होती आणि नंतर खड्डा कचऱ्याने भरला. आणि सगळे म्हणतात, कौन्सिलची जागा मिळाली तर ती कायमची असते. खरं का?

---

खुरपं

काकू ठीक आहे. डोळ्याचं होतं.

विटांची भट्टी आणि वर कचरा. मग थांबा. मातीची तपासणी झाल्याशिवाय तिथे कुदळ मारू नका. शिसं, आर्सेनिक, डांबराचे अंश, काहीही असू शकतं. नुसता नाकाला वास येत नाही म्हणून माती चांगली असं नसतं. तपासणी तुम्ही स्वस्तात करायला जाऊ नका, कौन्सिलची जागा आहे तर कौन्सिलकडे मागा. त्यांच्याकडे जुने नकाशे असतात. खराब निघाली तर वर फळ्यांचे वाफे करून बाहेरची माती टाकतात, पण मग प्लॉटमागचा खर्च कुठल्या कुठे जातो आणि ‘स्वस्त’ हा शब्द धाग्यातून काढावा लागेल.

कायमची असते का? इथे दोन जाती आहेत आणि कौन्सिलची माणसं दोन्हींना अलॉटमेंटच म्हणतात. जी जमीन कौन्सिलने अलॉटमेंटसाठी म्हणून घेतली किंवा त्यासाठी राखली ती स्टॅट्युटरी. १९२५ च्या कायद्याच्या कलम ८ मुळे ती मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. दुसरी टेंपररी, म्हणजे उद्या शाळा बांधायची आहे किंवा दफनभूमी वाढवायची आहे, तोवर लावा भाजी. टेंपररीला ते संरक्षण नाही. ‘तात्पुरती’ साइट चाळीस वर्षं चाललेली मी पाहिली आहे आणि मग एका हिवाळ्यात गेलेलीही. म्हणून पत्रात सरळ विचारा: ही स्टॅट्युटरी असेल का? उत्तर लेखी घ्या.

आमची चर्चची, म्हणजे कलम ८ नाहीच. आम्ही काय केलं, तर लीज पंधरा वर्षांची मागितली. त्यांच्या वकिलाने तीन दिली. तीन वर्षांच्या जमिनीवर कोण सफरचंदाचं झाड लावेल? आणि लॉटरीवालेही विचारतात, किती वर्षं जागा तुमच्याकडे आहे. भाडं दोनशेवरून तीनशे केलं आणि बारा वर्षांवर आणलं. वकिलाचे ९०० पौंड याच एका ओळीसाठी गेले आणि माझ्या मते सात हजारांतले सगळ्यात चांगले खर्च झालेले तेच. काढून टाकायची नोटीस कायद्याने निदान बारा महिन्यांची असते, आणि ती ६ एप्रिलपर्यंत किंवा २९ सप्टेंबरनंतरच संपावी लागते, म्हणजे उभ्या पिकातून कुणी उठवू नये. पण काही अपवाद आहेत, वकिलाकडून ते वाचून घ्या.

अजून एक जागा सुचवतो. तुमच्या शहराच्या कडेला नवीन घरं होत असतील तर तिथला प्लॅनिंग अर्ज उघडून बघा. बिल्डरकडून कौन्सिल मोकळ्या जागा आणि पैसे घेते, सेक्शन १०६ म्हणतात. त्यात अलॉटमेंट आली तर जमीन, रस्ता आणि पाणी बिल्डरच्या खर्चाने. पण त्यांनी दिलेली साइट जाऊन बघा. एका ठिकाणी मी गेलो होतो, सुंदर गेट, सुंदर फलक, आणि खाली बांधकामाचे ट्रक फिरून दगड झालेली चिकणमाती, वर चार इंच विकतची काळी माती अंथरलेली. गाजर चार इंचांवर काटकोनात वळायचं. हँडओव्हरच्या आधी कुदळ घेऊन जायचं आणि गुडघ्याइतका खड्डा काढायचा. कुणी हटकलं तर सांगायचं, समितीचा माणूस.

आणि हो, सजावटीच्या मागे लागू नका. आमच्यातल्या एका बाईंना पहिल्या वर्षीच कंपोस्ट टॉयलेट, तळं, बसायला बाक आणि लाकडी शेड हवी होती, किंमत आमच्या सगळ्या साइटपेक्षा जास्त. दुसऱ्या महायुद्धात इथे सुमारे चौदा लाख प्लॉट होते. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाजी लावली होती, तिथे काय पार्किंग होतं? टॉयलेट आम्ही तिसऱ्या वर्षी केलं. (हिचं म्हणणं, ते पहिल्याच वर्षी करायला हवं होतं, बायका त्यामुळेच तासाभरात घरी जातात. तिचं बरोबर आहे, पण पैसे नव्हते.)

---

पेठेतला_पुणेकर

म्हणजे देवरुखच्या माणसाने साहेबाच्या देशात गुंठेवारी केली. काका, तुम्हीच खरे गुंठामंत्री.

---

सातारची_सून

😂 पत्राचा मसुदा तयार. टाऊन कौन्सिलच्या क्लार्कच्या नावाने, कलम २३ सकट. चार सह्या आमच्या मराठी मंडळींच्या झाल्या, पाचवी समोरच्या पोलिश ताईंची. सहाव्यासाठी मंडळातल्या एकांना विचारलं, ते म्हणाले भाजी टेस्को सुपरमार्केटात मिळते.

सासूबाई मेमध्ये येतायत. बियाणं गोळा करायला सुरुवात झालीये, अंबाडी, चुका, माठ, तोंडलीचा वेल सुद्धा आणते म्हणाल्या.

---

खुरपं

सहावा मराठीच हवा असं कुणी सांगितलं? तुमच्या रस्त्यावर ज्याच्या दारात कुंडीत टोमॅटो आहेत त्याची बेल वाजवा. नुसती सही नाही मिळणार, रस्ता पसरायच्या दिवशी फावडंही मिळेल. आणि सातव्या-आठव्याचीही घ्या, एखादा ऐनवेळी घर बदलतो.

सासूबाईंना सांगा, वेल आणि बियाणं सुटकेसमधून नको. रोपांना आणि पेरायच्या बियांना भारतातून आणताना फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर काढून घेतात. मेथी वाणसामानाच्या पाकिटातली टाका, आठ दिवसांत उगवते. शेपू इथे डिल म्हणून कुठेही मिळतो. माठ मेच्या शेवटी पेरा, त्याआधी थंडीने बसतो. अंबाडी आणि तोंडलीला पॉलिटनेल (प्लॅस्टिकच्या कापडाचा बोगदा) लागेल, ते दुसऱ्या वर्षी. कोथिंबीर जूनमध्ये लावली की फुलावर जाते, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा पेरायची.

जमीन मिळेपर्यंत त्यांना एक मोठी कुंडी घेऊन द्या. निळी नको.